बाळाचा पहिला वाढदिवस घरच्या घरी: झोपेच्या वेळेपासून केकपर्यंतची तयारी

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला केक कापायची वेळ ठरली होती संध्याकाळी सात. पाहुणे जमेपर्यंत पावणेआठ झाले. सव्वाआठला मेणबत्ती पेटली, चाळीस माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या आणि ती दचकून जी रडायला लागली ती थांबेचना. आतल्या खोलीत अंधार करून मी तिला थोपटत बसले. बाहेर केक कापला गेला तेव्हा ना ती तिथे होती ना मी. फोटोंच्या अल्बममध्ये केकच्या मागे सगळे नातेवाईक आहेत, फक्त जिचा वाढदिवस ती नाही.

तीन वर्षांनी धाकट्याच्या वेळी मी सगळी आखणी त्याच्या झोपेभोवती केली. माणसं बारा, वेळ दीड तास, जागा घरातलीच. तो सबंध वेळ हसत होता असं मी म्हणणार नाही, पण तो जागा होता, पोट भरलेलं होतं आणि आपल्या माणसांत होता. एक वर्षाच्या बाळाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. पुढे जे लिहिलंय ते त्या दोन्ही दिवसांतून शिकलेलं आहे, आणि बाळाच्या सुरक्षिततेबद्दल जे प्रत्येक घरात माहीत असायला हवं तेही.

आधी घड्याळ, मग तारीख

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दिवसाच्या झोपा धरून, ११ ते १४ तास झोप लागते. वर्षाच्या सुमारास बहुतेक बाळं दिवसातून दोनदा झोपतात. काहींची सकाळची झोप हळूहळू सुटायला लागलेली असते. म्हणून वाढदिवसाआधी आठवडाभर एक साधं काम करा: बाळ किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, कधी नीट जेवलं आणि कधी किरकिरलं, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. सातव्या दिवशी तो कागद समोर घेतला की कार्यक्रमाची वेळ आपोआप दिसते.

धाकटा सकाळी साडेनऊला झोपायचा, साडेदहाला उठायचा आणि दोनच्या आसपास परत पेंगायचा. म्हणून आम्ही अकरा ते साडेबारा ठरवलं. उठल्यावर अर्धा तास त्याला दूध, कपडे आणि जरा भानावर यायला, कार्यक्रमानंतर तासभर जेवण आणि अंघोळ, मग झोप. तुमच्या बाळाची दुपारची झोप चारला संपत असेल तर साडेचार ते सहाही चालेल. टाळायची ती संध्याकाळी उशिराची वेळ. दिवसभराचा शीण त्या वेळी बाहेर पडतो आणि मोठ्यांनी कितीही खेळवलं तरी बाळ किरकिरतंच.

वाढदिवस आठवड्याच्या मधल्या वारी आला तर जवळच्या सुट्टीच्या दिवशी करायला अजिबात संकोच करू नका. तारीख बाळाला कळत नाही. तो खरा दिवस घरच्या तिघाचौघांत शांतपणे साजरा होतो, आणि घरात काही रीत पाळायची असेल तर तीही त्याच दिवशी सकाळी निवांत होते.

लसीकरणाचंही लक्षात घ्या. वर्षाच्या सुमारास काही लसी असतात. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस दिल्यावर काही मुलांना ताप येतो, पण तो त्याच दिवशी येत नाही, साधारण ७ ते १२ दिवसांनी येतो. त्यामुळे लस देऊन आठवडा उलटला, आता काळजी नाही, असं धरून ठरवलेला दिवस नेमका तापात सापडू शकतो. लस पुढे ढकलू नका, कार्यक्रम ढकला.

माणसं किती

आठ-नऊ महिन्यांपासून बाळाला ओळखीचा आणि अनोळखी चेहरा यातला फरक चांगला कळायला लागतो. आईबाबा नजरेआड झाले की रडणंही याच काळात वाढतं. हा हट्ट नाही, वाढीचा नेहमीचा टप्पा आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे बाळ एरवी जातं, ज्यांचा आवाज त्याला ओळखीचा आहे, ती माणसं यादीत आधी. दहा ते पंधरा जणांत घर भरल्यासारखं वाटतं आणि बाळाला श्वास घ्यायला जागाही राहते.

यादी लहान केली की कुणीतरी दुखावणार, ही भीती सगळ्यांनाच असते. मला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. बाकीच्या आप्तांना पुढच्या महिनाभरात दोघादोघांनी घरी बोलावलं, आणि दूरच्या आजीआजोबांना कार्यक्रमाच्या ऐन गडबडीत व्हिडिओ कॉल न लावता सकाळी, बाळ ताजंतवानं असताना लावला. दहा मिनिटं नुसतं बाळ आणि ते. एवढं करूनही आमच्याकडे एक आत्या रुसल्याच, पण नंतर घरी येऊन दोन तास निवांत त्याच्याशी खेळल्या तेव्हा त्यांचा राग गेला.

निमंत्रणात वेळ संपण्याचीही लिहा. लोकांना यात वावगं वाटत नाही, उलट सोयीचं होतं. आम्ही पाठवलेला मजकूर असा होता:

‘बाळाचा पहिला वाढदिवस रविवारी सकाळी अकरा ते साडेबारा आपण घरीच करतोय. साडेबारानंतर तो जेवून झोपेल, म्हणून अकराला नक्की या. घरात कुणाला सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर नंतर सवडीने भेटू. भेटवस्तू नको, त्याच्यासाठी चार ओळी लिहून आणल्या तर खूप आनंद होईल.’

आजारपणाची ओळ गाळू नका. आल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत आणि बाळाच्या तोंडाचा पापा घेऊ नये, हे मात्र दारातच घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने हसून सांगितलेलं बरं. आईने सांगितलं तर त्याची चर्चा होते, आजीने सांगितलं की सगळे ऐकतात.

खोली बाळाच्या उंचीवरून बघा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं पसरलेलं आढळलं. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला तुमचं बाळ धावत असेल, धरून चालत असेल किंवा नुसतं रांगत असेल. सगळं ठीकच आहे. ‘अजून चालत नाही का?’ असं कुणी विचारलंच तर हे आकडे सांगा. तिन्ही परिस्थितींत त्याचं जग जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतचं असतं.

आदल्या रात्री खरोखर गुडघ्यांवर बसून खोलीभर रांगा. मी रांगले तेव्हा सोफ्याखाली एक नाणं, पडद्याची लोंबणारी दोरी आणि टेबलावरून खाली आलेलं टेबलक्लॉथचं टोक दिसलं. ते टोक ओढलं असतं तर वरचं सगळं डोक्यावर आलं असतं. टेबलक्लॉथ काढूनच टाका. न्हाणीघरातल्या पाण्याने भरलेल्या बादल्या रिकाम्या करा आणि दार बंद ठेवा. काही सेंटिमीटर पाणीही या वयात जीवघेणं ठरतं. चहा-कॉफी पिण्यासाठी एक कोपरा ठरवा आणि तिथे बाळाला कडेवर घेऊन कुणी उभं राहायचं नाही, हा नियम. ओतून पंधरा मिनिटं झालेला चहासुद्धा लहान मुलाची कातडी भाजू शकतो.

पण सगळ्यात मोठा धोका वस्तूंचा नसतो. घरात बारा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, बाळाकडे दुसरं कुणीतरी बघतंय. आम्ही पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावल्या. पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, ‘आता तो माझ्याकडे.’ समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही.

सजावट आणि फुगे

फुग्यांबद्दल मी जरा कडक आहे, आणि त्याला कारण आहे. मुलीच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती खेळता खेळता गप्प झाली म्हणून बघितलं, तर गालात काहीतरी धरलेलं. बोट घालून काढलं तर फुटलेल्या लाल फुग्याचा नखाएवढा, ओला, चुरगळलेला तुकडा. रबर पातळ आणि लवचिक असतं, श्वासनलिकेच्या तोंडावर ते चिकटून बसतं आणि खोकल्याने सहज निघत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रबरी फुग्यांच्या पाकिटावर ८ वर्षांखालील मुलांसाठी इशारा छापावा लागतो तो याचसाठी. फुगे हवेच असतील तर चमकी कागदासारखे दिसणारे फॉइलचे चार आणा, छताजवळ बांधा आणि त्यांच्या फिती खाली लोंबू देऊ नका. कागदी पताका, कापडी झालर, रंगीत दुपटी एवढ्यानेही खोली छान सजते.

बारीक चमकी, मणी, टिकल्या जमिनीवर उधळू नका. फवाऱ्यातून उडणारा नकली बर्फ किंवा फेस घरात आणूच नका. त्यातला वायू बहुधा ज्वलनशील असतो आणि जवळच मेणबत्ती जळत असते.

आता बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. गाणं वाजवणारं शुभेच्छापत्र, लुकलुकणारी मेणबत्ती, दिव्यांची छोटी माळ, या सगळ्यांत त्या असतात. बाळाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं, वाट बघायची नाही. माझ्या मते असल्या वस्तू त्या दिवशी घरात नसलेल्याच बऱ्या.

केक: एक बाळाचा, एक सगळ्यांचा

दोन वर्षांखालील मुलांच्या खाण्यात वरून घातलेली साखर नसावी, असा आहारतज्ज्ञांचा सल्ला असतो. एका दिवसाच्या एका घासाने काही बिघडणार नाही, त्यामुळे त्यावरून घरात वाद घालायची गरज नाही. पण बाळासाठी वेगळा छोटा केक केला तर प्रश्नच उरत नाही, आणि तो करायला अर्धा तास पुरतो.

एक चांगलं पिकलेलं केळं काट्याने गुळगुळीत कुस्करा. त्यात एक अंडं फेटा, दोन मोठे चमचे दही आणि एक मोठा चमचा तेल घाला. साधारण ६० ग्रॅम कणीक आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर चाळून मिसळा. फार घोटू नका. तेल लावलेल्या चार-पाच छोट्या वाट्यांत अर्ध्याच्या वर भरा आणि आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं भाजा. मध्ये सुरी घालून ती कोरडी निघाली की झाला. गार झाल्यावर दोन केक एकावर एक रचा आणि वरून, अगदी शेवटच्या क्षणी, फडक्यात बांधून पाणी निथळलेल्या घट्ट दह्याचा थर द्या. मधल्या थरात कुस्करलेलं फळ छान लागतं. आदल्या दिवशी करून ठेवला तरी चालतो, दही मात्र आधी लावू नका, केक ओला होतो.

हा केक आठवडाभर आधी एकदा करून बाळाला खायला द्याच. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा यांपैकी जे बाळाने पूर्वी कधी खाल्लं नसेल ते वाढदिवसाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. अंगावर पुरळ आलं तर कशाने आलं ते त्या गर्दीत कळत नाही. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आधीच माहीत असेल तर पाहुण्यांनाही तो आणू नका म्हणून सांगा.

मध १२ महिने पूर्ण होण्याआधी अजिबात नाही. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होतो आणि घरच्या भाजण्या-शिजवण्याने ते बीजाणू मरत नाहीत. कार्यक्रम खऱ्या तारखेच्या चार दिवस आधी असेल किंवा पाहुण्यांत याहून लहान बाळ असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

मेणबत्ती सगळ्यांच्या केकवर लावा, बाळाच्या केकवर नको. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात २०१७ साली केलेल्या प्रयोगात फुंकर मारल्यावर केकवरच्या थरात जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढलेले आढळले. निरोगी मोठ्या माणसाला त्याने फारसं काही होत नाही, तरी तोच तुकडा बाळाला भरवायला माझं मन घेत नाही.

इतर खाणं

मोठ्यांसाठी आदल्या दिवशी होणारे दोन पदार्थ आणि फळं एवढं पुष्कळ झालं. ऐनवेळी गरम तळून वाढायचं काही ठेवलं की घरातली दोन माणसं सबंध कार्यक्रम चुलीपुढे काढतात, आणि त्यातलं एक माणूस बहुधा बाळाची आई किंवा आजीच असते. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

मोठ्यांचं खाणं उंचावर ठेवा. खाऱ्या दाण्यांची वाटी खालच्या टेबलावर ठेवणं ही सगळ्यात सहज होणारी चूक. अख्खे दाणे, बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, कच्च्या गाजराचे तुकडे आणि अख्खी द्राक्षं यांनी घसा अडकतो. द्राक्षाचे उभे चार भाग करा, आडवे नाही. आडव्या कापाची चकती गोलच राहते. गाजर बोटाने चिरडेल इतकं वाफवा. बाळ बसलेलं असतानाच भरवा, रांगता-रांगता घास नको.

घास अडकल्यावरचा प्रथमोपचार वर्षाच्या आत आणि वर्षानंतर वेगळा असतो. वर्षाखालच्या बाळाला पाठीत पाच थापट्या आणि छातीवर पाच दाब देतात. वर्ष झाल्यावर छातीऐवजी पोटावर, बेंबीच्या वर, दाब देतात. हे वाचून येत नाही, हाताने शिकावं लागतं. वाढदिवसाच्या निमित्ताने घरातल्या दोघांनी प्रथमोपचाराचा छोटा वर्ग केला तर त्याहून चांगली भेट नाही.

तो दीड तास

अकरा ते सव्वाअकरा कुणीही बाळाला आईबाबांच्या हातून घ्यायचं नाही. पाहुण्यांनी जमिनीवर बसायचं, आपापसांत बोलायचं आणि बाळाला लांबून बघू द्यायचं. धाकटा आठ-दहा मिनिटं माझ्या खांद्यात तोंड खुपसून होता. मग स्वतःहून सरकत गेला आणि काकांच्या चष्म्याला हात घातला.

खेळ फार लागत नाहीत. या वयात वस्तू डब्यात टाकणं आणि परत काढणं यात अर्धा तास जातो. मोठ्या खोक्याची दोन्ही तोंडं उघडून बोगदा करा, एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला ओळखीचा चेहरा. एकात एक बसणारे प्लास्टिकचे पेले, लाकडी चमचा आणि पातेलं. साबणाचे बुडबुडे सगळ्यांना आवडतात, फक्त फरशी निसरडी होते, तिथे जुनी चादर अंथरा. पाहुण्यांत पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर त्यांना बुडबुडे उडवायचं काम द्या, म्हणजे त्यांची धावपळ बाळाच्या अंगावर येत नाही.

केक साडेअकराला. आणखी लांबवू नका. त्याआधी आठवडाभर रोज जेवताना वाढदिवसाचं गाणं हळू आवाजात म्हणा आणि हलक्या टाळ्या वाजवा. त्या दिवशी बारा आवाज निघाले तेव्हा धाकट्याला ते ओळखीचं वाटलं, दचकला नाही. पिपाण्या आणि फटाक्यासारख्या फुटणाऱ्या नळ्या मात्र नकोतच. बाळ ज्योतीकडे झेपावतं, म्हणून मेणबत्ती त्याच्या हाताच्या दुप्पट अंतरावर ठेवा आणि विझल्यावर लगेच काढून घ्या.

बाळाच्या केकसमोर त्याला बसवा आणि गप्प राहा. त्याचा हात धरून केकमध्ये खुपसू नका. धाकट्याने आधी एक बोट टेकवलं, बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग ते बोट शर्टाला पुसलं. तीन-चार मिनिटांनी पूर्ण पंजा आत गेला. काही बाळांना चिकट स्पर्श आवडतच नाही. चमच्याने भरवा, संपलं.

डोळे चोळणं, कान ओढणं, तोंड फिरवणं, टक लावून कुठेतरी बघणं म्हणजे बाळाला आता पुरे झालंय. रडायची वाट बघू नका. एक खोली आधीच अंधारी आणि शांत करून ठेवलेली असू द्या, तिथे दहा मिनिटं न्या. परत आणलंच पाहिजे असंही नाही.

फोटो

नवे कपडे घालून चांगले फोटो काढायचे असतील तर ते पाहुणे येण्याआधी काढा. खिडकीजवळ, दिवे बंद करून, बाळाचं तोंड उजेडाकडे आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. म्हणजे फोटो काढणाऱ्याला पोटावर झोपावं लागतं. कार्यक्रमात एकाच माणसाकडे हे काम द्या, बाकीच्यांचे मोबाइल खिशात. कपडे मऊ आणि सैल. टोचणारा जरीकाठ आणि घट्ट पट्टा दहा मिनिटांत रडवतो. समाजमाध्यमांवर फोटो टाकताना बाळाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख एकत्र देऊ नका, आणि पाहुण्यांनाही आधी विचारूनच टाका असं सांगा.

पाहुणे गेल्यावर

भेटवस्तू आल्याच तर त्याच दिवशी उघडू नका. रोज एक काढली की बाळ प्रत्येकीशी खेळतं. उघडताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे का बघा. जी वस्तू किंवा सुटा भाग टॉयलेट पेपरच्या आतल्या नळकांड्यातून आरपार जातो तो या वयाच्या मुलाच्या हातात द्यायचा नाही.

बहुतेक मोठ्या माणसांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्यामुळे या दिवसातलं बाळाला काही आठवणार नाही. म्हणूनच पाहुण्यांनी लिहून आणलेल्या त्या चार ओळी मला मोलाच्या वाटतात. आम्ही त्या एका जाड वहीत चिकटवल्या. आजोबांनी त्यांच्या थरथरत्या अक्षरात फक्त ‘तू माझं बोट धरून पहिलं पाऊल टाकलंस’ एवढंच आणि खाली तारीख लिहिली आहे.

झाडून झालं की पुन्हा एकदा गुडघ्यांवर बसून खोली तपासा. सोफ्याखाली, गालिच्याच्या कडेला, दाराच्या मागे. आम्हाला एक द्राक्ष आणि कुणाच्या तरी कानातल्याची फिरकी सापडली. तोपर्यंत धाकटा झोपला होता. अंघोळ घातलेली असूनही कानामागे दह्याची एक वाळलेली रेघ राहिली होती, ती मी तो उठल्यावर पुसली.